आठवा बोल्ट

१३ एप्रिल

उस्ताद, सलाम.

फोन तुम्ही उचलत नाही. नऊ वर्षांत ईदचे, दिवाळीचे, अधलेमधले सगळे कापलेत. म्हणून पत्र. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि तुमची सवय मला माहीत आहे. भज्यांच्या पुडीचा कागदही तुम्ही वाचल्याशिवाय टाकत नाही.

मी हनुमान, नांदूरघाटच्या आश्रुबाचा. बीडला तुमच्या गॅरेजात साडेतीन वर्षं डिझेलमध्ये हात बुडवून बसलेला, आणि एका शुक्रवारी तुम्ही नमाजला गेलेले असताना न सांगता निघून गेलेला. विमान शिकायच्या शाळेत एक जागा अचानक रिकामी झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत तिथं हजर व्हायचं होतं. आबा दारात मोटारसायकल चालूच ठेवून हॉर्न वाजवत होते. रामहरीच्या काळ्यापिवळ्या जीपचं इंजिन बाकावर खोललेलं होतं, ते तसंच टाकून मी मागच्या सीटवर बसलो.

तुम्ही म्हणायचात, "हनम्या, खोललं त्यानंच बांधायचं. दुसऱ्याच्या हातानं बांधलेलं इंजिन मांजरसुंब्याच्या घाटात बोंबलतंय बे." ते मी मोडलं. चूक माझी, मान्य. आता पुढचं ऐका.

मला विमान कंपनीत नोकरी लागणार आहे. लागेल का, असं विचारू नका. लागणार आहे. सध्या विदर्भाच्या पार टोकाला एका शाळेत पोरांना विमान चालवायला शिकवतो. लहान विमान, दोन माणसं मावतात, आवाज तुमच्या जनरेटरसारखा. आता मोठ्या कंपनीची लेखी परीक्षा पास झालोय, मे महिन्यात दिल्लीला मुलाखत आहे.

अडचण एवढीच आहे की इथून सुटायचं तर तीन महिने आधी राजीनामा द्यावा लागतो. मुलाखतीआधी दिला आणि तिकडे काम झालं नाही, तर तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. उशिरा दिला तर कंपनीची नव्या पायलटांची तुकडी माझ्याशिवाय निघून जाईल. शिवाय माझ्या हाताखाली चार विद्यार्थी आहेत, चौघंही मधल्यामध्ये. त्यांना पार करून निघायचं आहे.

सल्ला मागतोय असं समजू नका. मी सगळं बरोबर बसवणार आहे. फक्त या वेळी तुम्हाला सांगून करावं असं वाटलं.

चाचींना सलाम. त्यांच्या हातच्या मटणाच्या खिचड्याची अजून आठवण येते.

हनुमान

१ जून

उस्ताद,

झालं! निवड झाली. पेढे पाठवले असते, पण तुम्ही ते रस्त्यावरच्या कुत्र्याला घालाल म्हणून नाही पाठवले. कुत्र्याला गोड सोसत नाही.

मुलाखतीत तिघं बसले होते. एकानं विचारलं, वर इंजिन बंद पडलं तर पहिलं काय कराल? मी म्हटलं, बंद पडायच्या आधी ते सांगतं, मी ऐकत असतो. तो म्हणाला, हे पुस्तकात कुठे आहे? मी म्हटलं, पुस्तकात नाही, बीडला आहे. मग पुस्तकातलंही सगळं घडाघडा सांगितलं, नाहीतर तिथंच उठवला असता. दिल्लीच्या विमानतळावर मात्र माझ्या बॅगेतल्या एका जुन्या सामानावरून सुरक्षावाल्यानं अर्धा तास खोळंबा केला. ते जाऊ द्या.

कंपनीची तुकडी एक सप्टेंबरला सुरू होते. मी काल, एकतीस मेला, राजीनामा दिला. तीन महिने एकतीस ऑगस्टला भरतात. एकतीसला इथलं दार लावायचं, एकला तिथलं उघडायचं. असं चोख बसवणारा माणूस तुम्ही तरी पाहिलाय का?

विद्यार्थ्यांचंही मांडून ठेवलंय. कुणाला किती दिवसांचं उड्डाण लागेल ते सगळं भिंतीवर लावलंय. आमचे मुख्य शिक्षक पंडित सर तो कागद बघून हसायला लागले. "पावसाचे पंधराच दिवस धरलेस? गाव कुठलं तुझं?"

"बीड."

"मग बरोबर आहे," म्हणाले आणि चहाला गेले.

ते हसले ते हसोत. आपल्याकडे ढग येतात, सरपंचासारखे बघून जातात. पंधरा दिवस मी सढळ हातानं धरलेत.

हनुमान

२६ जुलै

उस्ताद,

पंडित सर हसले ते उगीच नव्हे. पाऊस काय असतो ते मला तिसाव्या वर्षी कळलं. इथं धावपट्टीचं दुसरं टोक महिनाभर धड दिसलेलं नाही. विमानं शेडमध्ये दावणीला बांधल्यासारखी उभी आहेत. बीडच्या माणसानं विदर्भातला पाऊस मोजायला बसूच नये, एवढं शहाणपण आलं.

तरी चारातले तिघे मी मधल्या उघडिपी साधून पार केले. राहिली ती संस्कृती नावाची पोरगी. आपल्याच जिल्ह्यातली, माजलगावची. माझ्याकडे यायच्या आधी दोन शिक्षकांनी तिच्यापुढे हात टेकले होते. एकदा विमान जोरात आदळलं होतं, तेव्हापासून जमीन जवळ आली की ती घाईनं नाक वर ओढायची. विमान तरंगायचं आणि मग आदळायचं. मी तिची ती सवय पार मोडली. जमिनीकडे बघूच नको, धावपट्टीच्या लांबच्या टोकाकडे बघ, आणि हात सैल ठेव, असं पहिल्यापासून शिकवायला घेतलं. जुनी सवय गेली. नवी अजून बसलेली नाही. म्हणजे आता ती पहिल्याहून वाईट उतरवते.

परवा तिला म्हटलं, एक सप्टेंबरला मी जातोय, तुला दुसरे सर मिळतील. ती म्हणाली, "जा की सर. मी करीन कायतरी." माजलगावची पोरगी, रडणार थोडीच. पण चौथ्या शिक्षकाच्या हाती गेली तर ती घरी परत जाईल, हे तिलाही कळतंय आणि मलाही. कोण खोललेलं बांधायला घेतो, उस्ताद?

हे सगळं मी तुम्हाला थट्टेनं लिहिणार होतो. पण गुरुवारी चाचींचा फोन आला.

म्हणाल्या, "तेरे खत तकिये के नीचे रखते. बोलते कुछ नई." मला इतकं बरं वाटलं की मी शहेबाजची चौकशी केली. तुमचा शहेबाज, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, पाना माझ्याहून सफाईनं फिरवणारा. म्हटलं, आता गॅरेज त्यानंच सांभाळलं असेल.  चाची म्हणाल्या, तो नऊ वर्षांपासून माजलगावला कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टर दुरुस्त करतो, बापाचं तोंड बघत नाही, ईदला येतो ते बाप मशिदीत असताना. कावून, तर एका जीपच्या बोल्टांवरून. रामहरीच्या जीपचे बोल्ट त्यानं हरवले म्हणून तुम्ही गिऱ्हाइकांसमोर त्याच्या कानाखाली मारली. तो "मी न्हाई, मी न्हाई" म्हणत होता.

उस्ताद, बोल्ट माझ्याकडे आहेत.

रॉडचे बोल्ट डिझेलमध्ये धुवायचे, मोजायचे, फडक्यात बांधून ट्रेमध्ये ठेवायचे, ही तुमची रीत. त्या दिवशी फडकं सापडलं नाही म्हणून मी माझ्या रुमालात बांधले. आबांचा हॉर्न वाजला आणि गाठोडं ट्रेऐवजी खिशात गेलं. बस नगरच्या पुढे गेल्यावर घाम पुसायला रुमाल काढला तेव्हा कळलं. आठ हवे होते, सात निघाले. आठवा कुठे पडला देव जाणे.

तेव्हाच पाठवायचे होते. आज पाठवू, उद्या पाठवू करत महिना गेला. मग वाटलं, उस्तादांनी नवे आणून इंजिन बांधलंही असेल, आता पाठवणं म्हणजे स्वतःच्या हातानं आपलं तोंड काळं करणं. मग ते माझ्या बॅगेतच राहिले. प्रत्येक परीक्षेला ते माझ्याबरोबर असतात. दिल्लीला सुरक्षावाल्यानं बाहेर काढले ते हेच. मी त्यांना माझं नशीब समजत होतो, आणि त्यांच्यापायी तिकडे शहेबाजचं घर सुटलं होतं.

मला खरंच माहीत नव्हतं. पण माहीत करून घेतलंही नाही. लाज वाटते, उस्ताद. याहून चांगला शब्द माझ्याकडे नाही.

हनुमान

३ ऑगस्ट, बीड

हनमंता,

मी मराठी चौथी शिकलेला. अक्षर वंगाळ हाय, समजून घे.

तुझी तीनी पत्रं वाचली. दोन दोन बार वाचली. आठवा बोल्ट कुठं पडला म्हून इचारतो. माझ्याकडं हाय.

तू गेला त्याच्या चौथ्या दिवशी दाराम्होरच्या नालीत घावला. तुझ्या बापाची गाडी जितं उभी व्हती तितंच. मला तवाच समजलं बोल्ट कुनासंगं गेले. पन तवर माझ्या हातानं पोराला मारलं व्हतं. चार मानसांत मारलं व्हतं. मी बाप, मी उस्ताद. त्याला कसं म्हनू की चुकलं? तोंडच झालं न्हाई. आज सांगू, उद्या सांगू केलं अन् पोरगं निघून गेलं.

तुझ्यावर राग धरला म्हंजे पोराला सांगावं लागत न्हाई. असं नऊ वर्सं काढली. तुझा फोन वाजला की मला तो बोल्टच दिसायचा. तू चोर न्हाईस. चोर असशील तर आपुन दोघं बी.

आता आईक. सात बोल्ट घेऊन तू ये. आठवा मी घेतो. दोघं मिळून माजलगावला जाऊ, एकट्याची माझी हिंमत न्हाई. पन आत्ता येऊ नको. ती पोरगी तू खोलली हाईस. आदी ती बांद, मंग ये. कंपनी कुठं पळून जात न्हाई, अन् गेली तर दुसरी येती. येवडी अक्कल मला एका पोराच्या बदल्यात आली.

तुझी चाची सलाम सांगती. खिचडा करते म्हनती.

चाँद मिस्त्री

९ ऑगस्ट

उस्ताद,

तुमचं पत्र आलं. किती वेळा वाचलं ते सांगत नाही, तुम्ही फुशारून जाल.

काल कंपनीत फोन केला. म्हटलं, एक सप्टेंबरला मला येता येणार नाही, पुढच्या तुकडीत घ्या. तिकडून बाई म्हणाल्या, "कारण काय लिहू?"

"हाती घेतलेलं काम."

"असं कारण आमच्या यादीत नाही."

"मग 'इतर' लिहा."

त्या हसल्या. मग खालच्या आवाजात म्हणाल्या, लोक या जागेसाठी चार चार वर्षं थांबतात, एकदा विचार करा. मी म्हटलं, केला. त्या म्हणाल्या, पुढची तुकडी जानेवारीत आहे, जागा उरली तर कळवू, नक्की काही सांगता येत नाही. फोन ठेवल्यावर लगेच परत लावावासा वाटला. खोटं कशाला बोलू? एकतीस मेपासून मी मनातल्या मनात तो काळा कोट रोज घालत होतो, त्याच्या बाहीवरच्या पट्ट्याही मोजल्या होत्या. तो परत खुंटीला टांगला.

मग पंडित सरांकडे गेलो. राजीनामा पुढे ढकला म्हटलं. ते म्हणाले, "मला बावीस वर्षांत सगळ्यांनी लवकर सोडा म्हणून गळ घातली. उशिरा सोडा म्हणणारा तू पहिलाच." आता महिन्या महिन्यानं मुदत वाढवून देतो म्हणालेत.

संस्कृतीला सांगितलं तर ती खवळली. "माझ्यासाठी कावून थांबलात? मला नकोत असले उपकार." मी म्हटलं, उपकार नाहीत, बाई. माझ्या उस्तादांचा हुकूम आहे. ती म्हणाली, तुमचे उस्ताद कुठल्या विमानाचे? मी म्हटलं, काळ्यापिवळ्या जीपचे.

आता आभाळ उघडायचं तेवढं बाकी आहे. उघडेल. मी नाही म्हटलं तरी सप्टेंबर येणारच आहे.

तुमचा
हनुमान

२९ सप्टेंबर

उस्ताद,

पोरगी बांधली!

शनिवारी सकाळी संस्कृतीबरोबर तीन चकरा मारल्या. तिन्ही वेळा मी हात मांडीवर ठेवून बसलो, तोंडातून शब्द काढला नाही. तिसऱ्या वेळी चाकं कधी टेकली ते मला आवाजावरून कळलं, हिसका म्हणून बसलाच नाही. मी तिथंच दार उघडलं आणि उतरलो. म्हटलं, आता एकटी जा. तिनं माझ्या रिकाम्या सीटकडे एकदा बघितलं, मान हलवली आणि गेली.

मी धावपट्टीच्या कडेला गवतात उभा होतो. खिशात सात बोल्ट होते, मुठीत आवळून धरले होते. ती वळली, लांबून येताना दिसली, जमीन जवळ आली. मी इथूनच ओरडत होतो, लांब बघ, लांब बघ, जणू तिला ऐकू जाणार होतं. नाक वर गेलं नाही. विमान आलं आणि उतरलं. शाळेच्या रिवाजाप्रमाणे पोरांनी तिच्या डोक्यावर बादलीभर पाणी ओतलं. ओलीचिंब होऊन ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, इंजिनाचा आवाज एकटं असताना येगळा येतो." एवढं ऐकल्यावर मला रडू आलं. सगळ्यांसमोर रडलो. बीडच्या माणसाची अब्रू गेली तर जाऊ दे.

कंपनीकडून अजून काही नाही. येईल. नाही आलं तर परत अर्ज करीन, परत परीक्षा देईन. माझे हात कुठे गेले नाहीत.

येत्या रविवारी सकाळच्या गाडीनं बीडला पोचतो. बसस्थानकावर थांबा. तिथूनच माजलगावची गाडी धरू. आठवा विसरू नका.

हनुमान

२ जानेवारी, शुक्रवार
गॅरेज, बीड

उस्ताद,

हे पत्र टपालात पडणार नाही. तुम्ही नमाजला गेलात, मी तुमच्या बाकावर बसून बिलाच्या पावतीमागे लिहितोय.

आठ दिवसांपूर्वी कंपनीचा निरोप आला, सोमवारी हजर व्हायचं आहे. तिथल्या शाळेचा हिशेब पुरा करून, सुटका झाल्याचा कागद घेऊन निघालोय. आईच्या पाया पडून आलोय. अडीचची गाडी धरायची आहे, आबा मोटारसायकल घेऊन दारात उभे आहेत. तीच जागा, नालीच्या कडेला. आता नवी गाडी आहे, पण हॉर्न वाजवायची खोड जुनीच.

शहेबाज माझ्यासमोर एका ट्रॅक्टरच्या पंपात डोकं घालून बसलाय. हल्ली दर शुक्रवारी येतो म्हणे, तुम्हाला नमाजला निवांत जाता यावं म्हणून. मला सारखा तो ऑक्टोबरचा रविवार आठवतोय. तुम्ही त्याच्या दुकानात पाऊल टाकलंत, आठवा बोल्ट त्याच्या हातावर ठेवलात आणि म्हणालात, "बेटा, माझं चुकलं." मी सातांचा रुमाल सोडला. त्यानं आठही ओळीनं मांडले, प्रत्येकाच्या आट्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "ह्यातले दोन ताणलेत, कामाचे न्हाईत. सहा चालतील." मग आत जाऊन तीन ताटं घेऊन आला. मी आयुष्यात तसं जेवलेलो नाही.

आत्ता तो म्हणतोय, "जा बे, गाडी जाईल. अब्बाला मी सांगतो."

मी नाही म्हटलं. आबा हॉर्न वाजवतायत. दोन वेळा वाजला, तिसऱ्यांदा वाजला. मी हातानंच थांबा म्हणून सांगितलं. अडीचची गेली तर साडेतीनची आहे. सोमवारला अजून तीन दिवस आहेत, ते मी पावसाचे दिवस धरूनच राखून ठेवलेत. खिसेही तपासलेत, रुमाल रिकामा आहे.

नमाज सुटली वाटतं, गल्लीत माणसं दिसायला लागली. त्यात तुम्ही आहात. पांढरी टोपी, डावा पाय थोडा ओढत. आबांशी काहीतरी बोललात, ते हसले, हॉर्न बंद झाला.

आता कागद ठेवतो. तोंडानंच सांगतो, उस्ताद. मी निघालो.